गढीच्या भिंतीवरची उलटी माणसं

शनिवारी सकाळी आमच्या साल्चेत गावच्या रस्त्यावर धुळीचा लोट उठायचा. काळे रुमाल बांधलेल्या बायका, कुणी चालत, कुणी बैलगाडीत, सगळ्या गढीकडे निघालेल्या. आजूबाजूच्या सात गावांतून यायच्या. कुणाच्या हातात मेलेल्यांसाठी शिजवलेल्या गोड गव्हाची परात, कुणाच्या काखेत घडी घातलेला सदरा, एकीने तर बुटांचा जोड छातीशी धरलेला मी पाहिला. १९४६चा उन्हाळा होता. लढाई संपून वर्ष उलटलं होतं आणि डॉन नदीकडे लढायला गेलेली आमची पोरं परत आली नव्हती. मेली असं कुणी कळवत नव्हतं, जिवंत आहेत असंही कुणी म्हणत नव्हतं. सरकारी कागदावर एकच शब्द असायचा, बेपत्ता.

आणि ही बेपत्ता पोरं म्हणे गढीच्या तळमजल्यात भिंतीवर चालताना दिसत होती. पाय वर आणि डोकं खाली.

मी फिलोफ्तेया. तेव्हा एकतीस वर्षं इथल्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे अर्धं गाव मला बाई म्हणतं आणि उरलेलं अर्धं माझ्या तोंडाला भिऊन गप्प बसतं. माझी जीभ तिखट आहे हे मी कबूल करते. पण त्या उन्हाळ्यात ती नुसती टिंगल करण्यात वाया गेली. बायकांचे तांडे बघून मी हसत होते, गावच्या चर्चमधल्या पाद्रीबुवांना टोमणे मारत होते, आणि माझ्या सख्ख्या बहिणीचं अन्न तुटत चाललं होतं हे मला दिसत नव्हतं. दुसऱ्याला शहाणपण शिकवणाऱ्यांच्या घरात असंच असतं.

गढी म्हणजे आमच्या जमीनदारांची. तुर्की दरोडेखोरांच्या भीतीने बांधलेली, तीन मजली, बुरुजासारखी सरळ उभी. वर कमानींचा सज्जा, खाली हातभर जाडीच्या भिंती. तळमजल्याला खिडकी म्हणून नाही, फक्त बंदुकीची नळी बाहेर काढायच्या उभ्या फटी, जंग्या. आदल्या वर्षी सरकारने जमिनी वाटून टाकल्या, तेव्हा जमीनदारीणबाई क्रायोवा शहरात लेकीकडे निघून गेल्या आणि गढीला कुलूप लागलं. ईस्टर झाल्यावर ते कुलूप एका दाढीवाल्याने उघडलं. नाव सांगितलं गेर्वासी. कुठल्या मठाचा, तर डोंगरापलीकडच्या. कोणत्या डोंगरापलीकडच्या, ते कुणी विचारलं नाही. दाढी लांब आणि आवाज खोल असला की आमच्याकडे पुढचं कुणी विचारत नाही.

हा गेर्वासी बाबा काय सांगायचा, तेही ऐका. आमच्यात मरणाऱ्याच्या हातात पेटती मेणबत्ती देतात. ती नसेल तर पुढची वाट दिसत नाही, अशी समजूत आहे, आणि मेणबत्तीवाचून मरण येऊ नये म्हणून आमच्या म्हाताऱ्या रोज प्रार्थना करतात. आता बर्फात, तोफेखाली पडलेल्या पोराला कोण मेणबत्ती देणार? बाबाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. तुमची पोरं अंधारात गेली, म्हणून ती अंधारातच दिसणार, असं तो म्हणायचा. वाट चुकून पडली ती उलटी पडली, म्हणून पाय वर. शनिवार मेलेल्यांचा वार, म्हणून शनिवारीच. आणि बारा वाजताच का? तर बारा वाजता माणसाची सावली सगळ्यात लहान होते, आणि सावली लहान झाली की मेलेला तिला अडखळत नाही. याचा अर्थ काय, हे मी पाचसहा जणींना विचारून पाहिलं. कुणालाच सांगता येईना, पण सगळ्या मान डोलवत होत्या.

मेलेल्याला तिकडे काही पोचवायचं तर ते इकडे एखाद्या जिवंत गरिबाला द्यायचं, ही आमची जुनी रीत. सदरा दिला की मेलेल्याच्या अंगावर सदरा चढतो, भाकरी दिली की त्याची भूक भागते. रीत वाईट नाही, तिने किती गरिबांना थंडीत पांघरूण मिळालं आहे. पण बाबाने त्या रीतीलाच गळ लावला. म्हणाला, पोराचे कपडे माझ्याकडे द्या, मी योग्य माणसाला देईन, आणि पुढच्या शनिवारी बघा. बायका बघायच्या. भिंतीवर पोरगा चालायचा, आणि अंगावर तेच कपडे.

आता सांगा, आईने काय करायचं? आपल्या हाताने विणलेला, आपल्या हाताने शिवलेला कपडा ओळखायला आईला दिवा लागतो का?

माझी थोरली बहीण स्तांका. मी तिला अक्का म्हणते. तिचा नवरा तरुणपणीच गेला, पोरगा इलारी तेव्हा चार वर्षांचा. मी लग्न केलं नाही, म्हणून तो आम्हा दोघींचा. तिने त्याला खाऊ घातलं आणि मी त्याला वाचायला शिकवलं. बेचाळीसच्या ऑगस्टमध्ये तो आघाडीवर गेला. जाताना त्याने आपला तपकिरी लोकरीचा डगला खुंटीला लावला. अक्काने तीन हिवाळे सूत कातून तो केला होता, छातीवर काळ्या गोफाची नक्षी. तो डगला चार वर्षं त्याच खुंटीवर होता, आणि अक्का कुणाला त्याच्याखाली बसूही देत नसे.

मे महिन्यात तिने तो गेर्वासीला दिला. मला विचारलं नाही. आठ दिवसांनी ती गढीतून परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर मी चार वर्षांत न पाहिलेलं हसू होतं.

"तो आला होता गं. डगला घालून आला होता. बरोबर बसतो अजून त्याला."

मी म्हटलं, अक्का, भिंतीवर माणसं चालत नसतात. ती म्हणाली, तू कुठे होतीस बघायला. मी चिडून घरी गेले. तेव्हाच मुकाट्याने तिच्याबरोबर गढीत गेले असते तर तीन महिने वाचले असते.

कारण गेर्वासीला आता आणखी एक युक्ती सुचली. आया विचारू लागल्या, पोरगा सरळ कधी होणार? बाबाने सांगितलं, आयांनी कडक उपास करायचे. दर आठवड्याला गुरुवारपासून शनिवारच्या दर्शनापर्यंत अन्न नाही, पाणी नाही. असं करत चाळीस दिवस भरले की त्याचे पाय खाली येतील आणि तो आईकडे सरळ बघेल. आणि एखादीचे चाळीस भरत आले की बाबाला तिच्या उपासात खोट सापडायची. तू सरबत करताना साखर चाखलीस, कर पुन्हा पहिल्यापासून. अक्काला त्याने एकदा पहिल्यापासून सुरू करायला लावलं.

ऑगस्टच्या सुरुवातीला मी तिच्या अंगणात गेले, तर ती विहिरीच्या काठाला धरून उभी होती आणि तिला बादली ओढवत नव्हती. मनगट हातात घेतलं तर नुसतं हाड. डॉक्टर आणला. तो म्हणाला, बाई, ह्यांनी असंच चालवलं तर सफरचंदं उतरायच्या आत ह्या जातील. अक्काने डॉक्टरला नम्रपणे गेटपर्यंत पोचवलं आणि मला म्हणाली, "अकराच राहिलेत. मग तो सरळ उभा राहील."

त्या शनिवारी मी तिच्याबरोबर गेले.

तळमजल्यात तीसेक बायका जमिनीवर बसल्या होत्या, सगळ्यांची तोंडं दक्षिणेच्या भिंतीकडे. भिंत ताजी चुन्याने रंगवलेली. जंग्या लिंपलेल्या, दार लावलं आणि डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये असा अंधार झाला. गेर्वासीने बजावलं, उठायचं नाही, भिंतीजवळ जायचं नाही, आणि मागे वळून तर अजिबात पाहायचं नाही. मागे वळलात तर तो कायमचा जाईल. मग त्याने स्तोत्र धरलं आणि सगळ्या त्याच्यामागून गाऊ लागल्या.

हळूहळू डोळे सरावले. भिंतीवर एक फिकट पांढरा उजेड पसरला होता, आणि त्या उजेडात, खरंच सांगते, एक माणूस आला. दीडेक हात उंचीचा. पाय वर, डोकं खाली, सावकाश चालत. अंगावर तपकिरी डगला, छातीवर काळा गोफ. अक्काने माझा हात घट्ट धरला. आणि मी, एकतीस वर्षं पोरांना पृथ्वी गोल आहे म्हणून सांगणारी मी, त्या अंधारात पुटपुटले, "इलारी, बाळा."

हे लपवून ठेवलं असतं तर ही गोष्ट मला जास्त शोभली असती. पण मग ती खोटी झाली असती. डोकं शाबूत असलं तरी काळीज फसतं, आणि फसताना किती गोड वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मला सोडवलं ते एका कोंबडीने. तो माणूस उजेडातून बाहेर गेला आणि त्याच्यामागून एक कोंबडी आली. उलटी, तुरुतुरु, मध्येच थांबून वरच्या वर चोच मारणारी. क्षणभर स्तोत्र थांबलं. गेर्वासी गडबडला नाही. खोल आवाजात म्हणाला, हा कुणातरी सैनिकाचा भुकेला आत्मा आहे, पुढच्या शनिवारी धान्य आणा. दोघीतिघी हुंदके देऊ लागल्या. पण माझं डोकं ताळ्यावर आलं होतं. कोंबडीला कुणी आघाडीवर पाठवलं नव्हतं.

बाहेर पडल्यावर सगळ्या रस्त्याने गेल्या आणि मी गढीच्या मागे उत्तरेच्या अंगाला गेले. तिथे पूर्वीच्या तबेल्याची एक भिंत तेवढी उभी आहे. छप्पर नाही, दार नाही, पण गढीकडची तिची बाजू चुन्याने पांढरीफटक रंगवलेली. पडक्या तबेल्याला चुना कोण लावतं? समोरची खाजकुयली तुडवून पायवाट पडली होती. आणि गढीच्या त्या बाजूची जंगी ओल्या मातीने लिंपली होती, मधोमध एक बोटभर भोक ठेवून.

मी तिथेच दगडावर बसले. दरवर्षी सहावीच्या पोरांना मी साबणाच्या खोक्याला भोक पाडून हाच खेळ दाखवते. खोक्यात अंधार, बाहेर ऊन. भोकातून उजेड सरळ रेषेत आत जातो. वरचा खाली जातो, खालचा वर जातो, आणि खोक्याच्या मागच्या कागदावर बाहेरचं झाड उलटं उमटतं. इलारी लहान असताना त्याने तसं खोकं घेऊन सगळ्या गावाला उलटं केलं होतं. इथे खोकं म्हणजे गढी, कागद म्हणजे भिंत. मध्ये दोन शनिवार ढग होते, तेव्हा पोरं रुसली म्हणून आली नाहीत असं बाबाने सांगितलं होतं, ते यामुळेच.

संध्याकाळी मी खोकं करून अक्काकडे नेलं. तिने त्यात पाहिलंसुद्धा नाही. "तुलाही तो दिसला ना? तू हाक मारलीस, मी ऐकलं." सांगून उपयोग नव्हता. जिथे दिसलं तिथेच दाखवायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा गेले आणि मुद्दाम मागे बसले. तपकिरी डगला भिंतीवर आला तशी मी उभी राहिले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पाठ भिंतीकडे केली, कमरेत वाकले आणि दोन पायांमधून भिंतीकडे पाहिलं. शेजारची किंचाळली, बाईंना वेड लागलं. मला मात्र आता तो माणूस सरळ दिसत होता. उलटं तोंड आईलासुद्धा ओळखू येत नाही, कपडाच तेवढा ओळखू येतो, आणि गेर्वासीचा सगळा धंदा त्याच्यावर चालला होता. सरळ झाल्यावर तोंड ओळखायला वेळ लागला नाही. गिरणीपलीकडचा ग्लिगोर. माझाच विद्यार्थी, लढाईतून एक पाय अधू होऊन परत आलेला. आई लढाईच्या काळातच वारलेली, घर जळालेलं.

"मागे वळा," मी म्हटलं, "सगळ्या जणी मागे वळा आणि माझ्या हाताकडे बघा."

गेर्वासी ओरडला. मी जंगीपाशी गेले, खांद्यापर्यंत हात आत घातला आणि भोकावर तळवा ठेवला. भिंत काळी झाली. हात काढला, ग्लिगोर परत आला. पुन्हा ठेवला, पुन्हा गेला. चार वेळा केलं. मग एकीच्या घशातून जो आवाज निघाला तो मला अजून ऐकू येतो. मला वाटलं होतं, त्या गेर्वासीवर धावून जातील. त्या माझ्यावर धावून आल्या. एकीने माझा रुमाल ओढला, दुसरीने तोंडावर मारलं. पोरांना मारलं हिने, हिने मारलं, असं त्या म्हणत होत्या. तेवढ्या गोंधळात बाबा दाराबाहेर झाला. भिंतीवर दाखवायला लागतील तेवढे कपडे ठेवून बाकीचे बूट, सदरे, गोधड्या त्याने आधीच दर आठवड्याला शहराच्या बाजाराकडे रवाना केल्या होत्या. तो पुन्हा आमच्या भागात दिसला नाही, दुसरीकडे कुठे दिसला असेल.

आम्ही सगळ्या मागच्या अंगाला गेलो. ग्लिगोर पांढऱ्या भिंतीसमोर उन्हात उभा होता. पळायचं तर पाय अधू. बाजूला वीसेक जणांचे कपडे खुंट्यांवर ओळीने लावलेले, ज्याची आई आली असेल त्याचा कपडा त्याने चढवायचा. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन वेळचं मिळत होतं, बाई." बायका एकेक कपडा ओळखून खुंटीवरून काढून घेऊ लागल्या. एक जण त्याच्यावर थुंकली.

अक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही कोसळणार. तिने डगल्याची कॉलर चाचपली, गोफावरून बोट फिरवलं. ग्लिगोर डगला काढू लागला तर तिने त्याचा हात धरला आणि सुटलेलं वरचं बटण लावून दिलं.

"राहू दे. दिलेलं परत घेत नाहीत. थंडी येईल आता."

मग ती वळली आणि घरी चालू लागली. मी मागोमाग.

घरी मी मक्याच्या पिठाची मामालिगा केली, दुधात कालवून मऊ केली, वाटी तिच्यासमोर ठेवली. तिने पाहिलं नाही. मी चमचा भरून पुढे केला. ओठ मिटलेले. चूल विझली, दुधावर साय धरली, आम्ही तशाच बसून राहिलो. मला भीती वाटत होती ती अशी, की मी भिंतीवरचा पोरगा पुसला, पण तिच्यात जगायची इच्छा होती तीही त्याच्याबरोबर पुसली. मग ती बोलली.

"म्हणजे तो मेलेल्यांत नव्हता."

"तो ग्लिगोर होता, अक्का."

"मग इलारी जिवंत आहे?"

ती माझ्याकडे बघत होती. चार वर्षांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मला माहीत होतं, हो म्हटलं की ती चमचा घेईल. एक शब्द, तोही आईला जगवणारा. कुणी मला नावं ठेवली नसती. पण मग माझ्यात आणि त्या दाढीवाल्यात फरक काय? त्याने मेलेला मुलगा दाखवला, मी जिवंत दाखवायचा. पुढच्या वर्षी ती विचारणार, कुठे आहे? त्याच्या पुढच्या वर्षी, का येत नाही? आणि माझ्याकडे रोज एक नवीन थाप तयार हवी.

"माहीत नाही, अक्का," मी म्हटलं. "मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही."

आणि मी रडायला लागले. इलारी गेल्यापासून मी तिच्यासमोर कधी रडले नव्हते. मी घरातली शहाणी होते ना. मी टेबलावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हमसून रडले, आणि ती उठून माझ्याजवळ आली. माझ्या सुजलेल्या गालावर तिने हात ठेवला, त्या बाईने मारलं होतं तिथे. म्हणाली, तुझाही तो होताच की, मला वाटलं तू विसरलीस. मग ती शेजारी बसली आणि गार झालेली मामालिगा आम्ही दोघींनी एकाच वाटीतून खाल्ली. ती चार घास खाऊ शकली. दुसऱ्या दिवशी सहा.

अक्का आणखी पाच वर्षं जगली. या पाच वर्षांत युद्धकैद्यांच्या छावण्यांतून काही पोरं परत आली, दर वेळी आम्ही स्टेशनवर जाऊन त्यांना इलारीबद्दल विचारलं. कुणालाच काही माहीत नव्हतं. ती गेली तेव्हाही काही कळलं नव्हतं. शेवटच्या दिवशी तिला मेणबत्ती हवी होती, मी तिच्या हातात दिली आणि वितळेपर्यंत हात धरून बसले. पुढची वाट तिला दिसली का, हे कुणी मला विचारलं तर त्याचंही उत्तर तेच आहे, मला माहीत नाही.

म्हणून सांगते. रडू नका, असं मी कुणाला कधी म्हणणार नाही. रडा, मेलेल्याच्या नावाने गरिबाला डगला द्या, पोटभर जेवू घाला. पण तुमच्या दुःखावर ज्याच्याकडे लगेच उत्तर तयार आहे, जो तुम्हाला अंधारात बसवून मागे वळू नका म्हणतो, त्याच्यासमोर उठून उभ्या राहा आणि मागे वळून पाहा, उजेड कुठून येतोय ते. मी तीन महिने उशिरा पाहिलं, तुम्ही पहिल्याच दिवशी पाहा.